अनंतदादांचा आवाज

फोन आला तेव्हा मी गाडीत एकटाच बसून विनोद म्हणत होतो. आमच्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम तोंडावर आला होता, निवेदन नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात होतं, आणि घरात मोठमोठ्याने तालीम करायला बायकोची बंदी असल्यामुळे गाडी हेच माझं तालमीचं ठिकाण. ईडन प्रेरी या आमच्या उपनगरातल्या भाजीच्या दुकानासमोर गाडी उभी करून मी कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा हे ठरवत होतो आणि स्क्रीनवर मीराचं नाव आलं. मीरा म्हणजे अनंतदादा आणि कुमुदवहिनींची एकुलती एक मुलगी. ती तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असते, मला सहसा फोन करत नाही. "सुधीरकाका," ती म्हणाली, "बाबा गेले. धिस मॉर्निंग. हार्ट अटॅक." मग म्हणाली, "आई विचारतेय, सर्व्हिसला तुम्ही बोलाल का? यू न्यू हिम द बेस्ट." मी म्हणालो, "मीरा, माझा घसा पार बसलाय गं." मिनिटभरापूर्वी त्याच घशातून मी बंद काचांच्या आत टाळ्यांची वाक्यं फेकत होतो. ती "इट्स ओके, काका" म्हणाली आणि मला तिच्या समजूतदारपणाचाच राग आला.

याला आता सात आठवडे झाले. पुरवणीच्या वाचकांना अनंतदादा माहीत असण्याचं काही कारण नाही. ते कुणी मोठे नव्हते. सांगलीकडचा माणूस, चोविसाव्या वर्षी अमेरिकेला शिकायला आला, मिनेसोटातल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात बत्तीस वर्षं इंजिनियर होता, साठीला चार महिने कमी असताना गेला. त्यांच्याविषयी गोड लिहिणारे पुष्कळ निघतील. मी लिहितोय ते मला लाज वाटते म्हणून, आणि ती तोंडाने सांगायची वेळ होती तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं म्हणून.

चोवीस वर्षांपूर्वी मी एम.एस. करायला इथे आलो तेव्हा ज्या मुलांबरोबर राहायचं ठरलं होतं त्यांची खोली आयत्या वेळी रद्द झाली. विमानतळावर मला घ्यायला मंडळाच्या यादीतून कुणीतरी दादांना पाठवलं होतं. ते म्हणाले, "चल घरी, बघू." ते 'बघू' सव्वादोन महिने चाललं. त्यांच्या बेसमेंटमध्ये मी राहिलो, वहिनींच्या हातचं जेवलो, दादांच्या जुन्या कोटात पहिला हिवाळा काढला. दादा शांत. चारचौघांत फारसं बोलायचे नाहीत. इंग्रजीत तर कामापुरतंच. मराठीत मात्र रंगात आले की हात हलवून, मधेच थांबून, "म्हणजे बघ" म्हणत असं बोलायचे की ऐकत राहावं. त्यांची नक्कल मी त्याच बेसमेंटमध्ये पहिल्यांदा केली आणि सगळ्यात जास्त हसले ते दादाच. "पुन्हा कर, पुन्हा कर," म्हणाले. पुढे मंडळाच्या स्टेजवर मी नकलाकार म्हणून नाव कमावलं, त्याची सुरुवात ही अशी. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी बरेच पाहिलेत, पण मी ते टाळ्या घेऊन मोजले.

दादांचा कारखाना बंद झाला तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. दुसरीकडे अर्ज केले, मुलाखती झाल्या, पुढे काही होईना. मीराने कॉलेजनंतर एक वर्ष चीनमध्ये इंग्रजी शिकवलं होतं, तिने सुचवलं, तुम्ही दोघं का जात नाही? वहिनी इथल्या शाळेत गणिताला मदतनीस होत्या, त्यांनाही शिकवण्याची सवय. हुनान प्रांतातल्या एका लहान शहरातल्या कॉलेजने दोघांना घेतलं. मंडळात ही बातमी मीच पसरवली. "ह्या वयात लोक फ्लोरिडात घर बघतात, हे चीनला शाळेत चाललेत," म्हणालो. लोक हसले. हसले की मला पुढचं सुचतं, ही माझी जुनी खोड.

दर रविवारी दादांची ईमेल यायची. देवनागरीत, एकेक अक्षर शोधून टाइप केलेली, दोन-दोन पानं. त्यातूनच मला त्यांचं तिथलं आयुष्य कळलं. न्यायला आलेल्या कॉलेजच्या अधिकारी बाई म्हणे विमानतळावर ह्या दोघांच्या पाठीमागे बघत राहिल्या... अमेरिकन नवराबायको येणार होते, ते कुठेत? दादांनी पासपोर्ट दाखवले. बाईंनी ते दोनदा उलटेपालटे केले आणि विचारलं, "भात खाता?" हो म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. घर सहाव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथल्या एका मोठ्या नदीच्या दक्षिणेला म्हणे इमारती गरम करायची पद्धतच नाही, त्यामुळे डिसेंबरात वर्गात मुलं कोट, टोप्या, हातमोजे घालून बसायची आणि दादाही कोट घालूनच शिकवायचे. "मिनेसोटात बाहेर उणे पंचवीस असलं तरी घरात बनियनवर असतो आपण," त्यांनी लिहिलं होतं, "इथे बाहेर पाच आणि घरातही पाच. थंडी काय असते ते मला आत्ता कळलं." दुपारी जेवणानंतर सगळं कॉलेज दीड तास झोपतं, हे कळल्यावर तर ते त्या देशाच्या प्रेमातच पडले. मांस नको म्हटलं की खाणावळवाली मान डोलवायची आणि टोफूवर थोडासाच खिमा घालून आणायची. वहिनींना 'अमेरिकन संस्कृती' नावाचा विषय मिळाला होता. जन्मात टर्की न खाल्लेली बाई साठ मुलांना ती कशी भाजतात ते फळ्यावर काढून दाखवत होती. मुलं स्वतःसाठी इंग्रजी नावं निवडायची. एका मुलीने मंडे निवडलं होतं. दादांनी लिहिलं, "कॉलेजवाले म्हणाले, तिला नाव बदलायला सांगा. मी म्हटलं, का? आपल्याकडे सोमनाथ चालतो, मग ही मंडे का नको?"

आणि मग ती ईमेल आली. डिसेंबरातली. ती मला आज पाठ आहे, कारण मी ती स्टेजसाठी पाठ केली होती. दादांनी लिहिलं होतं, "सुधीर, कंपनीत बत्तीस वर्षं मी तोंड उघडलं की समोरचा भुवया वर करून सॉरी म्हणायचा. मीटिंगमध्ये माझंच म्हणणं शेजारचा पुन्हा सांगायचा, मग सगळे माना डोलवायचे. पुढे मी आधीच शेजारच्याला सांगायला लागलो. इथे मी एक वाक्य बोलतो आणि पंचेचाळीस मुलं ते जसंच्या तसं माझ्यामागून म्हणतात. माझ्यासारखंच. आज ते ऐकताना मला एकदम खुर्चीवर बसावं लागलं. मुलांना वाटलं सरांना बरं नाही. कुमुदला हे बोललो नाही, तुला लिहितोय."

संक्रांतीच्या कार्यक्रमाला माझ्याकडे पंधरा मिनिटं होती आणि नवीन काही सुचत नव्हतं. बायकोचा लाल रेशमी कुर्ता घातला, डोक्याला कागदाची टोकदार टोपी लावली. ते ध्यान आज आठवलं तरी मान खाली जाते, कारण चीनमधल्या त्या थंडीत कुडकुडणाऱ्या मुलांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. बायकोने, अनुजाने, निघताना विचारलं होतं, "दादांना विचारलंस का?" मी म्हटलं, "अगं, ते तिकडे हजारो मैलांवर आहेत. आणि माझी नक्कल त्यांना आवडते." दोन्ही वाक्यं मला पुरेशी वाटली.

स्किट तुफान रंगलं. शाळेचं सभागृह भाड्याने घेतलेलं, बाहेर बर्फ, आत साडेतीनशे माणसं. टर्की झाली, टोफूवरचा खिमा झाला, मंडे झाली. मग मी दादांच्या आवाजात वर्ग घेतला. प्रत्येक अक्षराला सारखं वजन, ठसठशीत ट, वाक्याच्या शेवटी तो सांगलीचा हेल. आणि मग सगळ्या मुलांच्या वतीने तेच पुन्हा, बारीक आवाजात. लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. शेवटी मी खुर्चीवर धप्पकन बसलो, डोळे पुसले आणि म्हणालो, "काळजी करू नका मंडळी. पंचवीस वर्षांनी चीन अमेरिकेवर मात करणार, पण अमेरिकेला त्यातलं अक्षर कळणार नाही, कारण सगळे चिनी सांगलीचं इंग्रजी बोलत असतील!" टाळ्या थांबेनात. त्या साडेतीनशे माणसांतल्या जवळजवळ प्रत्येकाला ऑफिसात कधी ना कधी कुणीतरी 'सॉरी?' म्हटलेलं होतं. मलाही. मी तर ड्राइव्ह-थ्रूवर कॉफी मागतानासुद्धा जीभ वळवून बोलतो. जे मी वीस वर्षं खटपट करून दडवलं, ते दादा उघड्या तोंडाने घेऊन गेले होते आणि तिथे त्याला मान मिळाला होता. मला त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटला तो हेवा, आणि त्याचं मी विनोदात रूपांतर केलं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण थोडंसं कळलं होतं.

मेकअप पुसून बाहेर आलो तर कोट टांगायच्या रांगेपाशी दादा आणि वहिनी उभे होते. कॉलेजला चिनी नववर्षाची सुट्टी लागली होती, ते परवाच आले होते, जेट लॅगमध्ये होते, तरी मला भेटायचं म्हणून शेवटच्या रांगेत येऊन बसले होते. वहिनी कोटाची चेन लावण्यात गुंतल्या होत्या, वर बघेनात. मी म्हणालो, "अहो दादा, कधी आलात?" ते म्हणाले, "परवा. म्हटलं तुला सरप्राइज द्यावं." खिशातून तिळगुळाची पुडी काढून त्यांनी माझ्या हातावर दोन वड्या ठेवल्या. "छान करतोस रे. आवाज अगदी माझाच." मग थोडं थांबून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "तो खुर्चीवर बसलो तो भाग... तो मी तुलाच लिहिला होता." एवढंच. माझी टोपी अजून डोक्यावर होती. मी काहीतरी बोललो, मला वाटतं विनोदच केला. तेवढ्यात कुणीतरी येऊन त्यांना "काय सर, वर्ग कसा चाललाय?" म्हणालं आणि ते हसले.

सुट्टी संपल्यावर ते परत गेले. ईमेल येत राहिल्या, तीन-चार ओळींच्या. आम्ही मजेत. थंडी कमी झाली. अनुजाला नमस्कार. दीड वर्षाने करार संपला आणि दोघं कायमचे घरी आले. आमच्या घरापासून त्यांचं घर गाडीने दहा मिनिटांवर. मी काय केलं नाही ते विचारा. त्यांच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढला, छपराच्या पन्हळींतली पानं काढली, वॉटर हीटर बदलायला उभा राहिलो. फक्त 'माझं चुकलं' एवढं म्हणणं राहिलं. दर वेळी वाटायचं, आता जुनी गोष्ट कशाला उकरायची, ते विसरलेही असतील. गेल्या फेब्रुवारीत त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो. मी धीर करून म्हणालो, "दादा, त्या संक्रांतीला मी..." ते समोर बघत म्हणाले, "सिग्नल सुटलाय, सुधीर. मागचा हॉर्न देईल." मी गाडी पुढे घेतली. आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. तेच आमचं शेवटचं नीट बोलणं.

अंत्यदर्शनाच्या संध्याकाळी मी घशाला मफलर गुंडाळून गेलो होतो. खोटं एकदा बोललं की त्याचे कपडेही घालावे लागतात. मीरा बोलली, कारखान्यातला एक जुना सहकारी बोलला. मग भिंतीवरच्या पडद्यावर व्हिडिओ कॉल लागला आणि हुनानमधली रविवारची सकाळ उघडली. दहा-बारा तरुण मुलंमुली एका वर्गात उभी होती. मधली मुलगी पुढे आली, म्हणाली, "माय नेम इज मंडे. नाऊ आय ॲम आल्सो टीचर." ती पाच मिनिटं बोलली. सर आम्हाला म्हणायचे, तोंड उघडायला घाबरू नका, समोरच्याला कळलं नाही तर ती त्याची अडचण आहे, असं काहीसं. मला अर्थ नंतर लागला. आधी ऐकू आला तो आवाज. प्रत्येक अक्षराला सारखं वजन, ठसठशीत ट, शेवटचा हेल. एका चिनी मुलीच्या तोंडून अनंतदादा बोलत होते आणि त्यात नकलेचा लवलेश नव्हता. ती तसंच बोलते, इतकंच. माझ्या मागच्या खुर्चीवरचा एक जण खुदकन हसला, पुढे झुकून माझ्या कानात म्हणाला, "यार सुधीर, तुझं कॅरेक्टर!" आणि माझ्या खांद्यावर शाबासकी दिली. मी मान वळवली नाही. पहिल्या रांगेत वहिनींची पाठ दिसत होती.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. मंडेने तिच्या शाळेतल्या मुलांसाठी दादांच्या इंग्रजी धड्यांची रेकॉर्डिंग मागितली होती, ती लॅपटॉपवर होती आणि पाठवायची कशी ते त्यांना जमेना. "तू कॉम्प्युटरवाला आहेस, म्हणून बोलावलं," म्हणाल्या. दुपारी गेलो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता. धड्यांच्या बारा फाइली होत्या. दादांनी वीस ठरवले होते, हे त्यांच्या यादीवरून दिसत होतं. सगळ्या फाइलींच्या तारखा त्या पहिल्या हिवाळ्यातल्या. शेवटची, संक्रांतीला यायला निघाले त्याच्या आदल्या दिवशीची.

"पुढचे केले नाहीत?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

वहिनी माझ्यासमोर बसल्या. "परत गेल्यावर ते कॉलेजच्या त्या अधिकारी बाईंकडे गेले आणि बोलण्याचा वर्ग सोडतो म्हणाले. लेखनाचा द्या म्हणाले. माझे उच्चार बरोबर नाहीत, मुलांचं नुकसान नको. बाई नको नको म्हणत होत्या. पण ह्यांनी ऐकलं नाही. पुढचं दीड वर्ष निबंध तपासले."

मी म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं. मी त्यांना सांगायला हवं होतं."

"हवं होतं," त्या म्हणाल्या. "ते तुझी वाट बघायचे. तू बर्फ काढायला यायचास ना, तेव्हा खिडकीशी उभे राहायचे. म्हणायचे, आज बोलेल बहुतेक."

"पण गाडीत मी काढलं तेव्हा त्यांनी सिग्नल..."

"अरे, ते भिडस्त माणूस. तू पुन्हा काढायचंस." त्यांचा आवाज चढला होता. "तुझ्यावर राग नाही असं मी म्हणणार नाही, सुधीर. आहे. आता त्या फाइली नीट वाजतायत का बघ, आणि पाठव. ती मुलगी वाट बघतेय."

मी पहिली फाइल लावली. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग दादांचा खाकरा, मग ते. "लेसन वन. मीटिंग अ न्यू पर्सन. आय विल स्पीक, देन यू विल स्पीक." सावकाश, मोकळं, घरात मराठी बोलायचे तसं. रेकॉर्डिंगमध्येच मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. "माझी डाळ," वहिनी म्हणाल्या आणि उठून खिडकीकडे गेल्या. इंग्रजी बोलताना दादा असे निवांत असू शकतात, हे मला चोवीस वर्षांत माहीत नव्हतं. मी ज्याची नक्कल करत होतो तो माणूस ऑफिसातून दमून आलेला होता. हा मी कधी ऐकलाच नव्हता.

"गुड मॉर्निंग," दादा म्हणाले. "माय नेम इज अनंत. व्हॉट इज युवर नेम?"

आणि मुलांनी उत्तर द्यावं म्हणून ते थांबले. वहिनी खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "सांग की. विचारतायत ते."

मी तोंड उघडलं. जिभेवर नाव आलं, पण ते ऑफिसातल्या उच्चारात सांगायचं की दादांच्या, की आईने ठेवलं तसं, ते कळेना, आणि शब्द फुटला नाही. रेकॉर्डिंगमध्ये चारेक सेकंद नुसती शांतता गेली.

"व्हेरी गुड," दादा म्हणाले.